व्यवस्थापन आणि माहितीप्रणालीच्या अभ्यासक्रमात शाश्वतता : स्वतंत्र विषय असावा की प्रत्येक विषयात मिसळावी?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका संलग्न महाविद्यालयात एमबीए आणि एमसीएच्या विद्यार्थ्यांना माहितीप्रणाली व्यवस्थापन आणि ईआरपी (कंपनीच्या सर्व विभागांचे व्यवहार एकत्र सांभाळणारी संगणकप्रणाली) हे विषय शिकवतो. सध्या अभ्यासक्रमाच्या फेररचनेचे काम सुरू आहे आणि शाश्वतता त्यात कुठे बसवायची, यावरून आम्हा शिक्षकांत दोन तट पडले आहेत. एका गटाला दोन श्रेयांकांचा स्वतंत्र विषय हवा आहे. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की वेगळा विषय काढू नये. लेखा, उत्पादन व्यवस्थापन, डेटाबेस, ईआरपी या चालू विषयांतच तो आशय आणावा.

माझा कल दुसऱ्या बाजूला आहे आणि त्याचे कारण सांगतो. कंपन्यांपुढे शाश्वततेचा प्रश्न आज बऱ्याच अंशी माहितीचा प्रश्न म्हणून येतो. सेबीने मे २०२१ मध्ये बीआरएसआर हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल आणला आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना तो बंधनकारक केला. जुलै २०२३ मध्ये त्यातील निवडक निर्देशकांचा 'बीआरएसआर कोअर' आला आणि त्या आकड्यांची बाहेरच्या संस्थेकडून खातरजमा करून घेणे टप्प्याटप्प्याने आवश्यक होऊ लागले. वीज किती वापरली, डिझेल किती जाळले, पाणी कुठून घेतले, घातक कचरा कुणाला दिला, कामगारांचे अपघात किती झाले, हे सारे आकडे कुठल्या तरी मीटरवर, कुठल्या तरी नोंदवहीत किंवा भांडारपालाच्या एक्सेल फाइलमध्ये पडलेले असतात. ते शोधणे, तपासणे, एकत्र आणणे आणि त्यातून विश्वासार्ह अहवाल काढणे, हे माहितीप्रणाली शिकलेल्या माणसाचेच काम आहे. आणि आम्ही मात्र आजही वेतनपत्रक आणि ग्रंथालय व्यवस्थापन यांच्याच प्रणाली प्रकल्प म्हणून करून घेत आहोत.

शिकवणाऱ्यांचे, शिकणाऱ्यांचे आणि उद्योगात असणाऱ्यांचे अनुभव वाचायला आवडतील. विशेषतः नेमक्या कोणत्या विषयात नेमके काय घालता येईल, हे कुणी सांगितले तर त्याचा फार उपयोग होईल.

जुना_फळा

विषय महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे मागे जाऊन लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाचा आदेश दिला. त्याची अंमलबजावणी रेंगाळली आणि न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावे लागले, तेव्हा कुठे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा सामाईक अभ्यासक्रम केला. त्यासाठीचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराक भरुचा यांनी लिहिले. त्या अभ्यासक्रमातले शेवटचे प्रकरण पूर्णपणे क्षेत्रकार्याचे होते: आपल्या परिसरातील नदी, जंगल किंवा डोंगर पाहावा, एखाद्या प्रदूषित जागेची नोंद करावी, तिथली झाडे, कीटक, पक्षी अभ्यासावेत. योजना उत्तम होती.

माझ्या डोळ्यांसमोर तिचे काय झाले? हा विषय शिकवण्यासाठी नवा शिक्षक मिळाला नाही. ज्याच्या वेळापत्रकात जागा मोकळी असे, त्याच्याकडे तो जाई. कधी इंग्रजीच्या, कधी वाणिज्याच्या तर कधी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाकडे. क्षेत्रकार्याची वही वरच्या वर्गातून खालच्या वर्गाकडे वारशाने जाऊ लागली. म्हणून स्वतंत्र विषयाच्या नावाने मला धास्ती वाटते. पण कृष्णाकाठ, तुमच्या पर्यायाचीही तेवढीच धास्ती वाटते. प्रत्येक विषयात थोडे थोडे, असे म्हटले की त्याची बारभाईंची खेती होते. लेखाचा शिक्षक म्हणतो उत्पादनवाले शिकवतील, उत्पादनवाला म्हणतो ईआरपीत येईलच. त्या दोन तटांना माझा प्रश्न एवढाच आहे की हे शिकवण्याची जबाबदारी नावानिशी कुणावर राहणार?

सातपूरकर

मी एक छोटा कारखाना चालवतो आणि दरवर्षी एमबीए झालेली मुले कामावर घेतो. त्यांना जीएसटीचे विवरणपत्र भरता येत नाही, खरेदीचे देयक आणि मालाची आवक यांचा मेळ घालता येत नाही. बीआरएसआर पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांसाठी आहे आणि ही मुले जातात माझ्यासारख्यांकडे. मूळ शिक्षणच अपुरे असताना त्यावर आणखी भार टाकणे मला पटत नाही. शाश्वततेला माझा विरोध नाही, हे आवर्जून सांगतो. क्रम चुकतो आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

भट्टीवाला

सातपूरकर, तुमची तक्रार मी रोज अनुभवतो, तरीही निष्कर्षाशी असहमत आहे. मी कोल्हापूरच्या औद्योगिक पट्ट्यात बीडाच्या ओतकामाच्या व्यवसायात आहे. आमचा कारखाना कोणत्याही शेअर बाजारात नोंदलेला नाही. पण आमचे ग्राहक मोठ्या कंपन्या आहेत आणि गेल्या काही वर्षांत त्यांच्या खरेदी विभागाकडून प्रश्नावल्या येऊ लागल्या आहेत: प्रतिटन ओतिवामागे वीज किती, वाळूचा पुनर्वापर किती, टाकाऊ वाळू कुठे जाते. युरोपीय संघाने १ ऑक्टोबर २०२३ पासून सीबीएएम या आयात मालावरच्या कार्बन शुल्काच्या योजनेखाली लोखंड-पोलादाच्या वस्तूंमागील उत्सर्जनाची माहिती मागायला सुरुवात केली, तेव्हापासून निर्यातदारांच्या या चौकश्या आणखी वाढल्या. मोठ्यांवरचा नियम असा पुरवठादारांच्या साखळीतून छोट्यांच्या दारात येतो.

एक उदाहरण सविस्तर देतो, कारण ते वर्गात जसेच्या तसे वापरता येईल. आमच्याकडे एमबीएच्या विद्यार्थ्यांचा एक गट प्रकल्पासाठी आला होता. त्यांना तीन ठिकाणच्या नोंदी दिल्या: विजेच्या उपमीटरचे वाचन, भट्टीवरचे हीट रजिस्टर (एकेका वितळणीची, म्हणजे हीटची, नोंदवही) आणि माल रवानगीची नोंद. समजा १०० टन धातू वितळवला आणि प्रतिटन ६०० युनिट वीज लागली, तर ६०,००० युनिट झाले. आपल्या ग्रिडवरच्या विजेमागे प्रतियुनिट सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर उत्सर्जन ४२ टन. आता या १०० टनांतून रनर, रायझर (साच्यात धातू नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांत गोठलेला भाग) आणि रिजेक्शन वजा जाता विक्रीयोग्य माल ६० टन निघाला, तर प्रतिटन मालामागे ७०० किलो उत्सर्जन येते. रिजेक्शन वाढून चांगला माल ५५ टनच निघाला, तर तोच आकडा सुमारे ७६४ किलोवर जातो. वीज तेवढीच, भट्टी तीच, बिलातही फरक नाही. नाकारलेले ओतीव पुन्हा भट्टीत जाते तेव्हा त्याच धातूवर दुसऱ्यांदा वीज खर्च होते.

मुलांना हे आकडे काढताना सगळ्यांत जास्त वेळ कशात गेला असेल? हीट रजिस्टरमधील तारीख पाळीनुसार बदलत होती आणि मीटरचे वाचन सकाळी सात वाजता घेतले जात होते. रात्रपाळीतली हीट कोणत्या दिवसाची धरायची, यावर त्यांचा फोरमनशी मोठा वाद झाला. सातपूरकर, खरेदीचे देयक आणि मालाची आवक यांचा मेळ घालणे जे म्हणता, ते हेच तर आहे. ज्या मुलांनी हा मेळ घातला, त्यांना तुमचा मेळही घालता येईल.

सातपूरकर

रात्रपाळीचा मुद्दा पटला. ही मुले सध्या कुठे काम करतात, हे जमल्यास कळवा.

अनुक्रमणिका

मी डेटाबेस शिकवते. भट्टीवाल्यांच्या उदाहरणातले '०.७ किलो' वाचल्यावर लिहिल्याशिवाय राहवले नाही, कारण माहितीप्रणालीचा अर्धा धडा त्या एका आकड्यात आहे.

विजेमागचा उत्सर्जन गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करते आणि ग्रिडमध्ये कोळसा, सौर, पवन, जल यांचे प्रमाण बदलते तसा तो बदलतो. विद्यार्थी पहिल्यांदा सारणी करतात तेव्हा गुणांक सूत्रातच लिहून टाकतात किंवा एका ओळीच्या सारणीत ठेवतात. पुढच्या वर्षी नवा गुणांक आला की ती ओळ बदलतात आणि त्याच क्षणी गेल्या वर्षीचा, एव्हाना प्रसिद्ध झालेला अहवालही बदलतो. लेखापरीक्षकाने विचारले की गेल्या वर्षीचा आकडा आज वेगळा का दिसतो, तर कुणाकडे उत्तर नसते. म्हणून गुणांकाच्या सारणीत 'केव्हापासून लागू', 'केव्हापर्यंत लागू', 'कोणत्या आवृत्तीतून घेतला' हे स्तंभ असलेच पाहिजेत आणि जुनी ओळ कधीही पुसायची नसते. बँकेचे व्याजदर आणि जीएसटीचे दर यांनाही हाच नियम लागू आहे, हे मी वर्गात नेहमी सांगते. पण उत्सर्जनाच्या उदाहरणात तो मुलांना लवकर समजतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट, आकडा मोजलेला आहे की अंदाजे धरलेला, याची नोंद प्रत्येक ओळीत असावी. जनरेटरला उपमीटर नसतो. मग डिझेलच्या पावत्यांवरून लिटर मोजतात आणि प्रतिलिटर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. पावती खरेदीची असते, जाळल्याची नसते. महिनाअखेरीस टाकीत किती उरले, हे कुणी पाहिले नसेल तर तो अंदाजच आहे आणि प्रणालीने तसे सांगितले पाहिजे.

त्यामुळे माझे मत कृष्णाकाठ यांच्या बाजूने. वेगळा विषय निघाला तर तिथे 'उत्सर्जन म्हणजे काय' हे शिकवले जाईल, पण सारणीत तारखांचे स्तंभ का हवेत, हे तिथे कुणी शिकवणार नाही.

एमसीए_दुसरे_वर्ष

विद्यार्थी म्हणून लिहितो. आमच्या अभ्यासक्रमात हरित संगणन नावाचे एक उपप्रकरण आहे. परीक्षेत त्यावर पाच गुणांची टीप येते आणि तिचे उत्तर ठरलेले असते: पडद्याचा उजेड कमी ठेवा, कागद वाचवा, संगणक बंद करा. अनुक्रमणिका मॅडमनी लिहिले तसे काही आम्हाला कुणी दाखवले असते, तर मी प्रकल्पाचा विषयच वेगळा घेतला असता. बीआरएसआरचे अहवाल विद्यार्थ्यांना कुठे मिळतात?

ताळेबंद

शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर ते सर्वांना खुले आहेत. पीडीएफबरोबर एक्सबीआरएल स्वरूपातही मिळतात. म्हणजे आकडे यंत्राला थेट वाचता येतात. एकाच उद्योगातील पाच कंपन्यांच्या फाइली उतरवून घ्या आणि ऊर्जा, पाणी, कचरा यांचे रकाने शेजारी शेजारी ठेवा. डेटा विश्लेषणाच्या प्रात्यक्षिकासाठी यापेक्षा चांगला साठा फुकट मिळणे कठीण आहे.

मी सनदी लेखापाल आहे आणि या अहवालांच्या तपासणीच्या कामात असतो, म्हणून लेखा आणि वित्त शिकवणाऱ्यांसाठी एक मुद्दा मांडतो. बीआरएसआरमध्ये ऊर्जेची तीव्रता प्रतिरुपया उलाढालीमागे मागितली जाते. मालाची किंमत दहा टक्के वाढली आणि उत्पादन तेवढेच राहिले, तरी ही तीव्रता कमी दिसते. कारखान्यात एक दिवाही कमी जळलेला नसतो. म्हणून प्रत्यक्ष उत्पादनामागची तीव्रता शेजारी ठेवून वाचायला शिकवले पाहिजे. भट्टीवाल्यांनी छेदात विक्रीयोग्य टन घेतले, ते योग्यच केले. गुणोत्तर विश्लेषण आपण वर्षानुवर्षे शिकवतो. छेदात काय आहे हे आधी पाहा, एवढी सवय लागली तरी विद्यार्थी निम्म्या फसव्या जाहिराती ओळखू शकेल.

शिवाय, स्कोप १ आणि स्कोप २ म्हणजे स्वतः जाळलेले इंधन आणि विकत घेतलेली वीज यांचे उत्सर्जन अत्यावश्यक निर्देशकांत येते, तर पुरवठादार, वाहतूक, मालाचा वापर यांचे स्कोप ३ नेतृत्व निर्देशकांत, म्हणजे ऐच्छिक. बऱ्याच उद्योगांत मोठा वाटा स्कोप ३ मध्येच असतो. कंपनीने एखादे काम बाहेर दिले की तिचे स्कोप १ घटते आणि हवेत जायचे ते जातच राहते. व्यूहरचनेच्या वर्गात आउटसोर्सिंग शिकवताना हे आले पाहिजे.

स्प्रेकाठ

बर्लिनहून लिहिते आहे. इकडे 'व्यवसाय माहितीशास्त्र' ही स्वतंत्र आणि जुनी विद्याशाखा आहे आणि तिच्या पोटात उद्योगांच्या पर्यावरणीय माहितीप्रणाली हे उपक्षेत्र गेली काही दशके शिकवले जाते. पर्यावरण आणि माहितीशास्त्र यांवरची एन्व्हायरोइन्फो परिषदांची मालिका १९८६ पासून चालू आहे. इथल्या एचटीडब्ल्यू या उपयोजित विज्ञान विद्यापीठात तर याच विषयाची पूर्ण पदवी आहे.

तिथल्या अध्यापनातील मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पदार्थप्रवाहाचा हिशेब. कारखान्यात जेवढे वजन आत येते, तेवढे उत्पादन, कचरा, सांडपाणी, धूर किंवा शिल्लक साठा या रूपांत कुठे तरी दिसलेच पाहिजे. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर काही तरी मोजायचे राहिले आहे. दुहेरी नोंदीचा जमाखर्च शिकलेल्या वाणिज्याच्या विद्यार्थ्याला ही पद्धत चटकन कळते.

आपल्याकडचा सहकारी साखर कारखाना हे याचे उत्तम उदाहरण होईल. ऊस आत येतो; साखर, बगॅस (उसाचा चोथा), मळी आणि प्रेसमड (रस गाळताना उरलेला गाळ) बाहेर पडतात. बगॅसवर बॉयलर चालतो, वाफ आणि वीज होते, जादा वीज ग्रिडला जाते. मळीपासून इथेनॉल होते. प्रेसमड खत म्हणून शेतात परत जातो. उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणी असते आणि तेही हिशेबात धरावे लागते. माझे माहेर प्रवरेच्या परिसरातले आहे. गाळप हंगामात काट्यावर ट्रॉल्यांची रांग लागते, तिथल्या वजनाच्या पावतीपासून हा सारा प्रवाह मांडता येतो. परदेशी पाठ्यपुस्तकातील मोटार कारखान्यापेक्षा ही पावती आपल्या मुलांच्या ओळखीची आहे.

खाडीकिनारा

मी नवी मुंबईत डेटा सेंटरमध्ये काम करतो. आतापर्यंतची सगळी चर्चा माहितीप्रणालीने इतरांचे उत्सर्जन कसे मोजावे, याबद्दल झाली. माहितीप्रणाली स्वतः किती वीज खाते, हेही अभ्यासक्रमात यायला हवे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास, म्हणजे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेत तो वाटा सुमारे दीड टक्का होतो आणि २०३० पर्यंत वापर दुपटीहून अधिक होईल, असे तिचे म्हणणे आहे.

आमच्याकडे पीयूई नावाचे गुणोत्तर रोज पाहिले जाते: इमारतीत आलेली एकूण वीज भागिले सर्व्हर, साठवणूक आणि नेटवर्कला पोहोचलेली वीज. ते १.५ असेल तर सर्व्हरच्या प्रत्येक युनिटामागे अर्धा युनिट थंडावा, यूपीएसमधील तूट आणि इतर गोष्टींवर गेला. हे गुणोत्तर खाली आणण्याचा एक मार्ग म्हणजे बाष्पीभवनाने थंडावा निर्माण करणे. पण त्यात वीज वाचते आणि पाणी खर्च होते. मुंबईच्या दमट हवेत ही पद्धत कोरड्या शहराइतकी चालत नाही. म्हणजे केवळ पीयूईवर व्यवस्थापकाचा बोनस ठरवला, तर तो पाण्याचा वापर वाढवून गुणोत्तर सुधारेल. निर्देशक आणि प्रोत्साहन यांच्या नात्यावर मनुष्यबळ व्यवस्थापनात एक तास घेता येईल, इतका हा मुद्दा भरीव आहे.

वरच्या विद्यार्थी मित्राला सांगतो, पडद्याचा उजेड कमी करून फार काही साधत नाही. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनातील बहुतांश भाग तो तुमच्या हाती येण्यापूर्वी, त्याच्या निर्मितीतच होऊन गेलेला असतो. त्यामुळे महाविद्यालयाने प्रयोगशाळेतील संगणक चार वर्षांऐवजी सहा वर्षे चालवायचे ठरवले, तर त्याचा परिणाम मोठा आहे. आणि ते बाद होतील तेव्हा १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रीकरण करणारा यांच्याकडेच गेले पाहिजेत. आपल्या महाविद्यालयाचे जुने संगणक कुठे गेले, याचा माग काढणे हा एमसीएचा चांगला प्रकल्प होईल.

अजून एक गोष्ट मनात आहे. कार्यक्षमता वाढली की वापर घटतोच असे नाही. कोळशाच्या बाबतीत हे निरीक्षण जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये नोंदवले होते आणि संगणनाच्या बाबतीत ते आम्ही डोळ्यांनी पाहतो. प्रत्येक पिढीचा सर्व्हर अधिक कार्यक्षम असतो, तरी वीजजोडणीची मागणी वाढतच राहते.

मुठाकाठ

चर्चा उत्तम चालली आहे, पण मला एक गंभीर उणीव जाणवते. सगळे जण युनिट, टन आणि लिटर मोजत आहेत. माणसे कुठे आहेत?

पुण्याचे उदाहरण घेते. कचरावेचक महिलांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. त्यातून स्वच्छ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार होऊन तिच्या सभासदांनी घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. पूर्वी ज्या स्त्रिया कचराकुंडीत हात घालून कागद, काच, पत्रा वेचत होत्या, त्यांना दारावर वर्गीकृत कचरा, शुल्क आणि ओळखपत्र मिळाले. सुक्या कचऱ्यातले विकण्याजोगे काय, त्याचा आजचा भाव काय, कोणते प्लॅस्टिक भंगारवाला घेतो आणि कोणते नाही, ही माहिती त्यांच्याकडे आहे. तीही एक माहितीप्रणालीच आहे, आणि ती कुठल्याही सर्व्हरवर नाही.

आता आपल्या वर्गात 'स्मार्ट कचरा संकलन' हा प्रकल्प दिला, तर विद्यार्थी काय करतील? कुंडीला संवेदक लावतील, गाडीचा सर्वांत जवळचा मार्ग काढतील, डिझेल वाचवतील आणि उत्तम गुण मिळवतील. त्या रचनेत कचरा थेट यांत्रिक गाडीत गेला तर वर्गीकरण बिघडते, पुनर्चक्रीकरण घटते आणि हजारो कुटुंबांची भाकरी जाते. पण प्रकल्पाच्या अहवालात त्यासाठी रकानाच नसतो. आवश्यकता विश्लेषण शिकवताना 'भागधारक कोण' या प्रश्नाच्या उत्तरात ग्राहक, व्यवस्थापक आणि वापरकर्ता यांच्यापलीकडे जायला लावणे, हे माझ्या मते शाश्वततेच्या शिक्षणाचे पहिले पाऊल आहे. त्यासाठी नवा विषय लागत नाही. प्रणाली विश्लेषणाच्या पहिल्याच प्रकरणात ते बसते.

ताळेबंद

मुठाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत आहे. बीआरएसआरच्या नऊ तत्त्वांपैकी ऊर्जा, पाणी, उत्सर्जन यांचे तत्त्व एकच आहे, सहावे. कामगार, मानवी हक्क, समाज आणि ग्राहक यांना स्वतंत्र तत्त्वे आहेत. आपण चर्चेत सहाव्यालाच धरून बसलो होतो.

नगरी

आमच्या जिल्ह्यातील हिवरे बाजारचा उल्लेख अजून कसा आला नाही, याचे नवल वाटले. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत रुजवली. पर्जन्यमापकावर पाऊस मोजायचा, निरीक्षण विहिरींची पातळी पाहायची, आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे आणि उरलेल्या पाण्यात रब्बीला कोणते पीक किती घ्यायचे, हे ग्रामसभेत ठरवायचे. शेतीसाठी बोअरवेल नाही आणि ऊस नाही, हे गावाने स्वतःवर घालून घेतलेले नियम आहेत.

वर्गासाठी हिशेब सोपा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. गावाचे क्षेत्र सुमारे हजार हेक्टर धरले आणि वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ४०० कोटी लिटर झाले. त्यातले बाष्पीभवनाने किती गेले, वाहून किती गेले, मातीत किती मुरले आणि विहिरींना किती मिळाले, याचे रकाने करायचे. मग पिकांची गरज दुसऱ्या बाजूला मांडायची. एमबीएच्या विद्यार्थ्याला हे अंदाजपत्रक म्हणून कळेल आणि एमसीएच्या विद्यार्थ्याला निर्णयसाहाय्य प्रणाली म्हणून.

मला यातली सर्वांत महत्त्वाची बाब मात्र वेगळी वाटते. तिथे आकडे ग्रामसभेपुढे, सगळ्यांच्या देखत मांडले जातात आणि ते ऐकून शेतकरी स्वतःच्या शेतातले पीक बदलतो. आपल्याकडे डॅशबोर्ड बनवायला शिकवतात, पण तो डॅशबोर्ड पाहून कोण, कोणता निर्णय, कोणत्या बैठकीत घेणार, हे विचारत नाहीत. माहिती आणि निर्णय यांच्यामध्ये ग्रामसभेसारखी एखादी व्यवस्था लागते. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात ती शिकवायची नाही, तर मग कुठे शिकवायची?

लीड्सवासी

नगरींच्या शेवटच्या परिच्छेदाला मनापासून दाद. इंग्लंडमध्ये क्यूएए आणि अ‍ॅडव्हान्स एचई या उच्च शिक्षणाच्या दर्जासाठी काम करणाऱ्या संस्थांनी शाश्वत विकासाच्या शिक्षणाची मार्गदर्शिका २०२१ मध्ये काढली. व्यवस्थापन संस्थांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळावर २००७ पासून पीआरएमई ही जबाबदार व्यवस्थापन शिक्षणाची तत्त्वे आहेत आणि भारतातील संस्थाही त्यांत सहभागी आहेत. पण माझा इथला अनुभव असा आहे की सही केल्याने वर्गात आपोआप काही बदलत नाही. विभागातील एका शिक्षकाला त्यासाठी अध्यापनाचे तास कमी करून मिळाले, तेव्हा बदल दिसू लागला. जुना_फळा सरांनी विचारलेला जबाबदारीचा प्रश्न इथेही तसाच आहे आणि त्याचे उत्तर वेळापत्रकातूनच द्यावे लागते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. धागा सुरू केला तेव्हा माझे मत पक्के होते की स्वतंत्र विषय नको. जुना_फळा सर, लीड्सवासी आणि मुठाकाठ यांचे प्रतिसाद वाचल्यावर त्यात थोडी भर घालावीशी वाटते आहे. अभ्यास मंडळापुढे पुढील मांडणी ठेवण्याचा विचार आहे.

आशय चालू विषयांतच राहील. प्रणाली विश्लेषणात भागधारकांचा विस्तारित विचार येईल, डेटाबेसमध्ये गुणांकाच्या तारखांची सारणी येईल, लेखामध्ये तीव्रतेचे गुणोत्तर आणि त्याचा छेद येईल, उत्पादन व्यवस्थापनात ओतकाम किंवा साखर यांचा पदार्थप्रवाह येईल. याखेरीज शेवटच्या सत्रात दोन श्रेयांकांचा एक क्षेत्रप्रकल्प असेल. त्यात एमबीए आणि एमसीएचे विद्यार्थी एकत्र गटात असतील आणि त्यांनी जवळच्या एखाद्या कारखान्याची, ग्रामपंचायतीची किंवा आपल्याच महाविद्यालयाची नोंद मुळापासून उभी करायची. या प्रकल्पाचा समन्वयक नावानिशी नेमला जाईल आणि ते काम त्याच्या कार्यभारात धरले जाईल. प्रकल्पाचा निष्कर्ष त्या कारखान्यापुढे किंवा ग्रामसभेपुढे मांडल्याशिवाय अंतिम गुण द्यायचे नाहीत, ही नगरींकडून घेतलेली अट.

पहिल्या वर्षी महाविद्यालयाच्या स्वतःच्या वीजबिलापासूनच सुरुवात करावी, असे वाटते. कुणाला काही धोके दिसत असतील तर आत्ताच सांगा.

जुना_फळा

कार्यभारात धरणार असाल तर माझा विरोध मागे घेतो. एक धोका सांगतो. गटप्रकल्पाची वही वारशाने पुढे जाऊ नये, म्हणून दरवर्षी जागा बदला, किंवा जागा तीच ठेवायची असेल तर प्रश्न बदला. पहिल्या वर्षीच्या गटाने जिथे 'अंदाजे' लिहिले असेल, तिथे दुसऱ्या वर्षीच्या गटाने प्रत्यक्ष मोजून दाखवावे. म्हणजे जुनी वही असणे ही चोरी न राहता गरज होईल. तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून भट्टीवाल्यांसारखा कुणी उद्योगातला माणूस बोलवा. मीटर सकाळी सातला वाचला की मध्यरात्री, हे तोच विचारेल.

भट्टीवाला

जरूर बोलवा, आनंदाने येईन. वीजबिलापासून सुरुवात करणार असाल तर उच्चदाब जोडणीचे बिल घ्या. त्यात वेळेनुसार वापराचे टप्पे, कमाल मागणी आणि पॉवर फॅक्टर हे वेगवेगळे रकाने असतात, त्यामुळे विद्यार्थ्यांना एकाच कागदावर भरपूर काम मिळते. उत्सर्जनाचा हिशेब केडब्ल्यूएचच्या (प्रत्यक्ष वापरलेल्या विजेच्या) आकड्यावर करा, केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टरचा परिणाम धरलेल्या आकड्यावर) करू नका. देयकाची आकारणी केव्हीएएचवर असल्याने मुले हमखास तोच आकडा उचलतात.

अनुक्रमणिका

कृष्णाकाठ, मी वर्गात वापरते ती सारण्यांची रचना आणि सरावासाठी तयार केलेल्या काल्पनिक बिलांचा एक वर्षाचा संच व्यक्तिगत संदेशातून पाठवते आहे. त्यात काही चुका मुद्दाम पेरलेल्या आहेत: एका महिन्याचे बिल दोनदा आले आहे आणि एका ठिकाणी मीटर बदलल्यामुळे वाचन पुन्हा शून्यापासून सुरू झाले आहे. विद्यार्थ्यांना आधी सांगू नका.

एमसीए_दुसरे_वर्ष

मॅडम, मी तर हे वाचले. तरीही हा संच मिळू शकेल का?

अनुक्रमणिका

नक्की मिळेल. तुमच्यासाठी चुकांच्या जागा बदलून पाठवते.